पुनरुत्थानाची आशा आणि मृत्युभयापासून मुक्ती : आद्य ख्रिस्ती समाजाचा ऐतिहासिक अभ्यास (इ.स. ५० ते ४३०)

प्रस्तावना

मृत्यूचे भय हे मानवी जीवनाचे एक स्थायी अंग आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत जीविताच्या या चिवट आसक्तीस 'अभिनिवेश' असे नाव देऊन तिची गणना पाच क्लेशांत केलेली आहे आणि ती विद्वानांच्या ठायीही आढळते, असे नमूद केलेले आहे. जगातील प्रत्येक संस्कृतीने या भयावर आपापले उत्तर शोधले. कोणी आत्म्याच्या अमरत्वाचा आधार घेतला, तर कोणी तर्काच्या बळावर मृत्यूला क्षुल्लक ठरविले. ख्रिस्ती धर्माने दिलेले उत्तर या दोहोंहून वेगळे आहे. येशू ख्रिस्त मेलेल्यांतून उठला आणि त्याच्या ठायी विश्वास ठेवणारेही अंतिम दिवशी देहासह उठविले जातील, ही ती श्रद्धा होय. तिलाच 'पुनरुत्थानाची आशा' असे म्हटले जाते.

ही श्रद्धा सत्य की असत्य, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेत येत नाही. मात्र त्या श्रद्धेमुळे माणसे कशी वागली, त्यांनी आपल्या मृतांचे, रुग्णांचे व गरिबांचे काय केले, हा प्रश्न निश्चितपणे इतिहासाचा आहे. या विषयावर दोन मते प्रचलित आहेत. पहिल्या मतानुसार आद्य ख्रिस्ती लोक हसतमुखाने मृत्यूस सामोरे गेले व त्यांना भय असे उरलेच नव्हते. दुसऱ्या मतानुसार त्यांची निर्भयता हा निव्वळ हट्ट किंवा धर्मवेड होते. दोन्ही मते परस्परविरोधी असली तरी त्यांचे गृहीत एकच आहे, ते म्हणजे भय नाहीसे झाले होते. मूळ साधने मात्र वेगळेच चित्र दाखवितात.

अभ्यासाची उद्दिष्टे

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) ग्रीक-रोमन जगातील मृत्युविचाराच्या पार्श्वभूमीवर पुनरुत्थानाच्या कल्पनेचे वेगळेपण स्पष्ट करणे.
२) छळ, दफन, साथीचे रोग व शोक या चार प्रसंगी या कल्पनेचा प्रत्यक्ष आचरणावर झालेला परिणाम तपासणे.
३) मृत्युभयापासून मुक्ती ही व्यक्तीची मानसिक अवस्था होती की समाजाची आचारपद्धती, याचा निर्णय करणे.

अभ्यासपद्धती व साधने

हा अभ्यास ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने केलेला आहे. नव्या करारातील पत्रे, रक्तसाक्ष्यांची वृत्ते, कार्थेजचा बिशप सिप्रियन याचे लेखन, युसेबियसच्या धर्मसभेच्या इतिहासात जतन झालेली पत्रे, रोमन शिलालेख आणि रोमच्या भूमिगत दफनभुयारांतील पुरावे ही त्याची प्रमुख साधने आहेत. यांतील बहुतेक लिखित साधने ख्रिस्ती लेखकांची असून त्यांचा हेतू उपदेशाचा आहे. म्हणून जेथे ती आपल्याच लोकांच्या दुर्बलतेची कबुली देतात, तेथे त्यांची साक्ष विशेष मोलाची मानली आहे.

१. ग्रीक-रोमन जगातील मृत्युविचार

ख्रिस्ती धर्म ज्या जगात पसरला, त्या जगाजवळ मृत्यूविषयी उत्तरांची वाण नव्हती. प्लेटोने 'फीडो' या संवादात सॉक्रेटिसाच्या अखेरच्या घटकांचे वर्णन केले आहे. तेथे देह हा आत्म्याचा बंदिवास ठरतो व मृत्यू हा सुटकेचा मार्ग. एपिक्युरसच्या मते मृत्यूशी माणसाचा संबंधच येत नाही, कारण मृत्यू येतो तेव्हा त्याची जाणीव होणारा कोणी उरत नाही. हाच विचार लुक्रेशियसने इ.स.पूर्व पहिल्या शतकात आपल्या लॅटिन महाकाव्याच्या तिसऱ्या सर्गात विस्ताराने मांडला. स्टोइक विचारवंतांनी मृत्यू हा निसर्गक्रम मानून तो समबुद्धीने स्वीकारण्यास सांगितले. सामान्य लोकांच्या थडग्यांवरही या विचारांचे पडसाद आढळतात. आपण पूर्वी नव्हतो, मग झालो, आता नाही आणि त्याची खंतही नाही, अशा आशयाचे एक लॅटिन सूत्र इतके रूढ झाले होते की पुष्कळदा ते केवळ आद्याक्षरांनीच कोरले जाई.

तत्त्वज्ञानाचे हे समाधान सुशिक्षितांपुरते मर्यादित होते. गुलाम, कारागीर व शहरी गरीब यांच्यापुढील प्रश्न अधिक रोखठोक होता. आपल्यामागे आपल्या देहाचे काय होणार, हा तो प्रश्न. त्यासाठी रोमन समाजात अंत्यविधी मंडळे स्थापन झाली होती. रोमजवळील लानुव्हियम येथील इ.स. १३६ चा शिलालेख अशा एका मंडळाचे नियम देतो. प्रवेशाच्या वेळी १०० सेस्टर्स व चांगल्या मद्याचा एक कुंभ, त्यानंतर दरमहा ५ आस अशी वर्गणी ठरलेली होती. सभासद मृत्यू पावल्यास अंत्यविधीसाठी ३०० सेस्टर्स मिळत व त्यांतील ५० चितेपाशी उपस्थितांना वाटले जात. वर्गणी थकविणाऱ्याचा हक्क बुडत असे. सभासद गुलाम असेल आणि मालकाने त्याचे प्रेत देण्यास नकार दिला, तर त्याच्या प्रतिमेचा अंत्यविधी करावा, अशीही तरतूद होती. मेल्यावरही ज्याचा देह त्याच्या स्वतःच्या मालकीचा नव्हता, अशा माणसाची भीती या एका कलमावरून ध्यानात येते.

२. पुनरुत्थानाची कल्पना : ज्यू पार्श्वभूमी व पौलाची मांडणी

पुनरुत्थानाची कल्पना ख्रिस्ती धर्मास ज्यू परंपरेकडून मिळाली. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात सेल्युसिड राजा चौथा अँटिओकस याच्या काळात धर्मनिष्ठ ज्यूंचा छळ झाला. धर्म पाळणारा मारला जातो आणि छळणारा सुखाने जगतो, तर ईश्वराच्या न्यायाचे काय, असा प्रश्न तेव्हा उभा राहिला. दानीएलाच्या पुस्तकाचा बारावा अध्याय आणि मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातील माता व तिचे सात पुत्र यांची कथा या प्रश्नाचे उत्तर देतात. ज्या देहाची विटंबना झाली, तोच देह ईश्वर परत देईल, असा तो विश्वास होता. म्हणजे या कल्पनेच्या मुळाशी मृत्यूच्या चिंतेइतकीच न्यायाची मागणी आहे. येशूच्या काळी परूशी हा विश्वास धरीत, तर सदूकी तो नाकारीत.

प्रेषित पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीस इ.स. ५० च्या सुमारास पत्र लिहिले. ख्रिस्ताच्या पुनरागमनापूर्वीच मरण पावलेल्या आप्तांचे काय होणार, या चिंतेने तेथील लोक व्याकूळ झाले होते. पौलाने मृतांसाठी 'झोपी गेलेले' असा शब्द वापरला व आशा नसलेल्यांप्रमाणे शोक करू नये, असे बजावले. पुढे इ.स. ५३ ते ५५ च्या दरम्यान करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात त्याने हा विषय सविस्तर मांडला. मेलेल्यांचे पुनरुत्थान नाहीच, असे म्हणणारे लोक करिंथच्या मंडळीतच होते. त्यांना उत्तर देताना पौल बी व रोपाचा दृष्टांत देतो. पेरलेले बी आणि उगवलेले रोप एकच असते, तरी त्यांचे रूप निराळे असते. येथे विशेष लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे पौल मृत्यूला सुटकेचे दार मानीत नाही व क्षुल्लकही लेखत नाही. तो त्याला सर्वांत शेवटी नष्ट होणारा शत्रू मानतो.

ऑस्कर कुलमान या धर्मशास्त्रज्ञाने इ.स. १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात हा भेद ठळकपणे मांडला. सॉक्रेटिस शांतपणे विषाचा प्याला घेतो, तर येशू गेथशेमाने बागेत मृत्यूच्या कल्पनेने व्यथित होतो, याकडे त्याने लक्ष वेधले. कुलमानने दाखविलेली दरी काहीशी अतिरंजित आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात देह सोडून ख्रिस्ताजवळ जाण्याची इच्छा पौलानेही व्यक्त केलेली आहे. तथापि मूळ मुद्दा टिकतो. मृत्यू हा शत्रू असेल, तर त्याचे भय वाटणे लज्जास्पद ठरत नाही. इब्री लोकांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मृत्यूच्या भयामुळे माणसे आयुष्यभर दास्यात असतात, असा विचार आलेला आहे. ज्या समाजात दास्य ही प्रत्यक्ष व्यवस्था होती, तेथे या रूपकाचा अर्थ वाचकास समजावून सांगण्याची गरज नव्हती.

३. छळाचे प्रसंग : धैर्य आणि त्याच्या मर्यादा

दुसऱ्या शतकातील रोमन लेखकांना ख्रिस्ती लोकांची मृत्यूविषयीची वृत्ती चमत्कारिक वाटली. एपिक्टेटसने तिला सवयीचा परिणाम मानले. लुशियनने ती भोळेपणाची खूण समजून थट्टा केली. वैद्य गेलनने या लोकांच्या मृत्यूविषयीच्या बेफिकिरीची नोंद घेतली. सम्राट मार्कस ऑरेलियसच्या चिंतनिकेत ख्रिस्ती लोकांची तयारी विवेकातून न येता हट्टातून येते, असा शेरा आहे. हा शेरा मागाहून घातला गेला असावा, अशी शंका काही अभ्यासक घेतात. तरीही बाहेरच्या साक्षीदारांच्या या मालिकेवरून एवढे खात्रीने म्हणता येते की ही निर्भयता केवळ ख्रिस्ती उपदेशकांची कल्पना नव्हती.

परंतु ख्रिस्ती वृत्तांतच दुसरी बाजू नोंदविलेली आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यास स्मुर्णा येथे वृद्ध बिशप पॉलिकार्प यास जिवंत जाळण्यात आले. त्याच वृत्तांतात क्विंटस नावाच्या फ्रिगियन माणसाची हकीगत येते. तो स्वतः होऊन अधिकाऱ्यांपुढे गेला, इतरांनाही पुढे केले आणि श्वापदे पाहताच घाबरून त्याने रोमन देवतांना बळी अर्पण केला. वृत्तलेखक त्यावरून असा बोध काढतो की स्वतः होऊन मृत्यू ओढवून घेणे प्रशंसनीय नाही. निर्भयतेचे प्रदर्शन हे निर्भयतेचे प्रमाण नव्हे, हे या समाजाने फार लवकर ओळखले होते.

इ.स. १७७ मध्ये गॉल प्रांतातील ल्योन येथे झालेल्या छळाचे वृत्त त्या मंडळीने आशिया प्रांतातील मंडळ्यांना पत्राने कळविले. प्रारंभीच सुमारे दहा जण कच खाऊन मागे फिरले, हे पत्रात लपविलेले नाही. नव्वदी ओलांडलेला बिशप पोथिनस तुरुंगात मरण पावला. ब्लांडिना ही कृश शरीराची दासी हा छळ कितपत सहन करील, याची तिच्या मालकिणीला धास्ती होती. पण अखेरपर्यंत टिकून राहिलेल्यांत तिचे नाव अग्रभागी आहे. मृतांची प्रेते सहा दिवस उघड्यावर ठेवून नंतर जाळण्यात आली व राख ऱ्होन नदीत टाकण्यात आली. असे केल्याने या लोकांची पुनरुत्थानाची आशाच नष्ट होईल, असा छळकर्त्यांचा हिशेब होता, असे पत्र सांगते. छळकर्त्यांनाही या धैर्याचे मूळ कोठे आहे, याची कल्पना होती, हे यातून सूचित होते.

कार्थेज येथे ७ मार्च २०३ रोजी मारल्या गेलेल्या पर्पेतुआ हिची तुरुंगातील टिपणे हे या विषयाचे सर्वांत मोलाचे साधन होय. प्राचीन जगात स्त्रीने स्वतः लिहिलेले असे गद्य फारच विरळा आढळते. पर्पेतुआ सुमारे २२ वर्षांची, सुशिक्षित आणि तान्ह्या बाळाची आई होती. तुरुंगातील अंधाराने आपण घाबरून गेलो, असे ती प्रांजळपणे सांगते. बाळाच्या चिंतेने ती झुरते, वृद्ध पित्याच्या विनवण्यांनी तिला दुःख होते. बाळ जवळ राहू देण्याची परवानगी मिळाल्यावर मात्र तिला तो तुरुंग महालासारखा वाटू लागतो. तिच्याबरोबर मारली गेलेली फेलिसिटास ही दासी होती. ती तुरुंगातच आठव्या महिन्यात प्रसूत झाली व तिची कन्या एका ख्रिस्ती स्त्रीने वाढविली. पर्पेतुआचे धैर्य भयाच्या अभावातून आलेले नाही. बाळ, सोबती, प्रार्थना व स्वप्ने यांच्या आधाराने ते दिवसेंदिवस घडत गेले.

सर्वांत मोठी कसोटी सम्राट डेशियसच्या काळात आली. इ.स. २४९-२५० च्या आज्ञेनुसार साम्राज्यातील रहिवाशांनी देवतांना बळी अर्पण करून तसे प्रमाणपत्र घेणे आवश्यक ठरले. अशी चाळीसहून अधिक प्रमाणपत्रे इजिप्तमधील पपायरसांत उपलब्ध झालेली आहेत. कार्थेजमध्ये ख्रिस्ती लोकांनी सक्ती होण्यापूर्वीच बळी अर्पण करण्यासाठी गर्दी केली, अशी खंत सिप्रियनने व्यक्त केली आहे. स्वतः सिप्रियनही त्या वेळी भूमिगत झाला होता व त्याबद्दल त्याच्यावर टीका झाली. छळ ओसरल्यावर या 'पतितांचे' काय करावे, हा प्रश्न धर्मसभेला भेडसावू लागला. त्यांना कायमचे बाहेर ठेवावे, असा एका गटाचा आग्रह होता. अखेर प्रायश्चित्ताची मुदत ठरवून त्यांना परत घेण्याचे धोरण बहुसंख्य बिशपांनी स्वीकारले. मृत्यूला भिऊन ज्याने श्रद्धा नाकारली, त्यालाही समाजाबाहेर टाकायचे नाही, हा निर्णय शूरांच्या कथांइतकाच महत्त्वाचा आहे. याच सिप्रियनने आठ वर्षांनंतर, १४ सप्टेंबर २५८ रोजी, शिरच्छेदाची शिक्षा शांतपणे स्वीकारली आणि शिरच्छेद करणाऱ्यास २५ सुवर्णनाणी देण्यास आपल्या लोकांना सांगितले.

४. दफनभूमी : 'निजण्याचे स्थान'

टर्टुलियनने इ.स. १९७ च्या सुमारास लिहिलेल्या समर्थनपर ग्रंथात कार्थेजच्या ख्रिस्ती मंडळीच्या सामाईक पेटीचे वर्णन केले आहे. महिन्यातून एकदा ज्याला जमेल व इच्छा असेल, त्याने त्या पेटीत यथाशक्ती द्यावे, अशी प्रथा होती. गरिबांचे पोषण व दफन, अनाथ मुले, वृद्ध नोकर, जहाज फुटून निराधार झालेले व तुरुंगात पडलेले यांच्यासाठी हा पैसा खर्च होई. लानुव्हियमच्या मंडळाशी याची तुलना उद्बोधक ठरते. मासिक वर्गणी दोन्हीकडे आहे. मात्र तेथे ज्याने वर्गणी भरली त्याचा अंत्यविधी होई, येथे ज्याला भरता आली नाही त्याचाही होई.

रोमच्या वेशीबाहेरील भुयारी दफनभूमींतून हाच आचार प्रत्यक्ष दिसतो. रोमन कायद्याने नगराच्या हद्दीत दफन वा दहन निषिद्ध होते, म्हणून नगराबाहेरील मार्गांलगत मऊ ज्वालामुखीय खडकात ही भुयारे खोदण्यात आली. तिसऱ्या शतकाच्या प्रारंभी बिशप झेफिरिनस याने अशा एका दफनभूमीची व्यवस्था कॅलिस्टस याच्याकडे सोपविली. कॅलिस्टस हा पूर्वाश्रमीचा गुलाम होता. पुढे तो स्वतः रोमचा बिशप झाला. जोव्हानी बात्तिस्ता दे रोस्सी या पुरातत्त्वज्ञाने इ.स. १८५४ मध्ये या स्थळी तिसऱ्या शतकातील बिशपांचा दफनकक्ष शोधून काढला. ख्रिस्ती लोक छळापासून लपण्यासाठी या भुयारांत राहत, ही लोकप्रिय समजूत आता ग्राह्य धरली जात नाही. ही स्थळे प्रथमतः मृतांसाठीच होती.

येथील शब्द व चित्रे बोलकी आहेत. दफनस्थळासाठी रूढ झालेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'निजण्याचे स्थान' असा आहे. मृताच्या नावापुढे वारंवार येणाऱ्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'ठेवलेला' असा होतो. ठेव म्हटली की ती परत घेण्याचा दिवस आलाच, असा ध्वनी त्यात ऐकू येतो. भिंतींवर माशाच्या पोटातून बाहेर पडलेला योना, सिंहांच्या गुहेतील दानीएल, कबरेतून बाहेर आलेला लाजर व मेंढरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ ही चित्रे पुन्हा पुन्हा येतात. क्रूसावरील मृत्यूचे चित्रण मात्र या आरंभीच्या चित्रांत जवळपास आढळत नाही. मृत्यूच्या जागी मृत्यूतून सुटकेच्या कथा रंगविल्या गेल्या. रक्तसाक्ष्याच्या मृत्युदिनास 'जन्मदिन' म्हणण्याची प्रथाही याच भावनेतून आलेली आहे.

या पुराव्याचा अर्थ लावताना काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. दहनाकडून दफनाकडे झालेला बदल दुसऱ्या व तिसऱ्या शतकांत सर्वच रोमन समाजात घडला. त्याचे श्रेय केवळ ख्रिस्ती श्रद्धेस देता येत नाही. मिनुशियस फेलिक्सच्या संवादग्रंथातील ख्रिस्ती पात्र तर देहाची विल्हेवाट कशीही लागली तरी हानी होत नाही, दफन ही केवळ अधिक चांगली जुनी रीत आहे, असे स्पष्टपणे म्हणते. अनेक ख्रिस्ती थडग्यांवर रोमन पितृदेवतांना अर्पण करणारी आद्याक्षरे कोरलेली आढळतात. एरिक रेबियार या फ्रेंच इतिहासकाराने दाखविल्याप्रमाणे ख्रिस्ती माणसे पुष्कळदा आपल्या अख्रिस्ती कुटुंबीयांच्या शेजारीच पुरली गेली. नवी आशा जुन्या रीतीरिवाजांतूनच वाट काढीत होती.

५. साथीचा काळ : कार्थेज व अलेक्झांड्रिया

इ.स. २५० च्या सुमारास साम्राज्यात पसरलेली महामारी 'सिप्रियनची साथ' या नावाने ओळखली जाते, कारण तिची लक्षणे त्याने नोंदविली. अतिसार, ज्वर, घशातील व्रण, सततची वांती, लाल झालेले डोळे, हातापायांचा नाश, बहिरेपणा व अंधत्व यांचा उल्लेख त्याने केला आहे. काइल हार्पर या इतिहासकाराने इ.स. २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा रक्तस्रावी ज्वराचा विषाणू असावा, असा तर्क मांडला आहे. तो अद्याप सिद्ध झालेला नाही.

'मर्त्यतेविषयी' हा सिप्रियनचा छोटा ग्रंथ याच काळातील आहे. त्याचा श्रोता कोण, हे पाहणे अगत्याचे आहे. ग्रंथ परधर्मीयांसाठी लिहिलेला नसून मंडळीतील भयभीत माणसांसाठी लिहिलेला आहे. इतरांप्रमाणे आपणही का मरतो, अशी तक्रार काही जण करीत होते. आता रोगानेच मेलो तर रक्तसाक्षी होण्याचा मान हुकेल, अशी हुरहुर काहींना लागली होती. सिप्रियन त्यांना सांगतो की देहाच्या दुःखांत ख्रिस्ती माणूस इतरांचा समभागी आहे. श्रद्धा ही रोगापासून बचावाची हमी नव्हे. आप्तांना तेजोमय वस्त्रे मिळालेली असताना येथे काळी वस्त्रे घालू नयेत, असे तो सुचवितो. मात्र त्याच ग्रंथात तो साथीला एक परीक्षाही मानतो : निरोगी माणसे रोग्यांची सेवा करतात का, नातेवाईक एकमेकांवर प्रेम करतात का, धनी आजारी सेवकांवर दया करतात का, वैद्य रुग्णांना सोडून जातात का, ही ती परीक्षा होय. त्याचा चरित्रकार पोंटियस याच्या म्हणण्याप्रमाणे सिप्रियनने मंडळीस एकत्र करून कामे वाटून दिली आणि सेवा केवळ स्वकीयांपुरती ठेवू नये, असा आग्रह धरला.

अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस याचे याच काळातील पत्र युसेबियसने जतन केले आहे. ख्रिस्ती लोकांनी रुग्णांची सेवा केली, मृतांचे डोळे मिटले, त्यांना स्नान घालून पुरले आणि त्यांतील अनेक जण स्वतः रोगाने मेले, असे तो लिहितो. परधर्मीयांनी मात्र आप्तांनाही रस्त्यावर टाकले, असा त्याचा आरोप आहे. या तुलनेत अभिनिवेश उघड आहे आणि ती शब्दशः स्वीकारता येत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क याने इ.स. १९९६ मध्ये असा सिद्धांत मांडला की साध्या शुश्रूषेनेही, म्हणजे अन्नपाणी देण्यानेही, मृत्यूचे प्रमाण घटले असावे व ख्रिस्ती धर्माच्या वाढीस त्यामुळे साहाय्य झाले असावे. त्या काळची आकडेवारी उपलब्ध नसल्याने हा सिद्धांत अनुमानाच्या पातळीवरच राहतो. परंतु रुग्णसेवा हा मंडळीचा अपेक्षित आचार होता, एवढे दोन वेगवेगळ्या नगरांतील साधनांवरून म्हणता येते.

सम्राट जूलियनच्या नावे असलेल्या इ.स. ३६२ च्या सुमाराच्या एका पत्रात परक्यांविषयीची दया आणि मृतांच्या थडग्यांची काळजी ही ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराची कारणे सांगितली आहेत. या पत्राच्या अस्सलपणाविषयी अलीकडे शंका घेतली गेली असल्याने त्यावर फार भर देणे उचित नाही. पण मृताची काळजी ही त्या समाजाची ओळख बनली होती, हा समज पत्र लिहिले गेले तेव्हा प्रचलित होता, एवढे ते निश्चित दाखविते.

६. शोकाचा प्रश्न : चौथे व पाचवे शतक

इ.स. ३१३ नंतर छळ थांबला आणि मृत्यूचा प्रश्न घरोघरीच्या शोकाच्या रूपाने उभा राहिला. अथनेशियसने स्त्रिया व मुलेही मृत्यूस तुच्छ लेखतात, हाच ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा पुरावा मानला. उपदेशक इतक्या आत्मविश्वासाने बोलत असले तरी सामान्य माणसे रडतच होती. जॉन क्रिसोस्टम याला अंत्ययात्रेत भाड्याच्या रडणाऱ्या स्त्रिया आणण्याच्या प्रथेवर वारंवार टीका करावी लागली. प्रथा मोडली असती, तर टीकेची गरज उरली नसती.

या संदर्भात ऑगस्टिनचा अनुभव विशेष बोलका आहे. त्याची आई मोनिका हिचे इ.स. ३८७ मध्ये इटलीतील ओस्तिया बंदरात निधन झाले. उत्तर आफ्रिकेतील ठगास्ते या गावी पतीच्या शेजारी आपल्याला पुरले जावे, अशी तिची जन्मभराची इच्छा होती व त्यासाठी तिने जागाही राखली होती. अखेरीस मात्र देह कोठेही ठेवा, ईश्वरापासून कोणतेही ठिकाण दूर नाही, असे तिने मुलांना सांगितले. परमुलखात मरण्याचे भय तिच्या बाबतीत खरोखरच विरले होते. ऑगस्टिनने मात्र अश्रू रोखून धरले. श्रद्धावंताने शोक करणे त्याला अनुचित वाटले. पुढे एकांतात तो रडला आणि आपल्या 'कबुलीजबाबां'च्या नवव्या भागात ती गोष्ट त्याने लपविली नाही. आईसाठी थोडा वेळ रडल्याबद्दल कोणी आपल्याला हसू नये, अशी त्याची विनंती आहे.

इ.स. ४२० नंतर नोलाचा बिशप पॉलिनस याने त्याला विचारले की रक्तसाक्ष्याच्या समाधीजवळ पुरल्याने मृताला काही लाभ होतो का. मृतांच्या काळजीविषयी लिहिलेल्या पुस्तिकेत ऑगस्टिनने उत्तर दिले की अंत्यविधीचा थाट हा मृताच्या साहाय्यापेक्षा जिवंतांच्या सांत्वनासाठी असतो; तरीही देह तुच्छ मानून टाकून देऊ नये. ज्याला पुरता आले नाही तो आशेला मुकत नाही आणि ज्याला पुरता येते त्याची हेळसांड करू नये, अशी ही दुहेरी भूमिका आहे. ल्योनच्या नदीत राख गेलेल्यांना व रोमच्या भुयारात निजलेल्यांना ती सारखीच लागू पडते.

निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) पुनरुत्थानाच्या कल्पनेने मृत्यूचे महत्त्व कमी केले नाही. मृत्यूला शत्रू मानल्यामुळे भय व शोक यांना तिच्यात स्थान राहिले. या बाबतीत ती एपिक्युरियन व स्टोइक विचारांहून वेगळी ठरते.

२) आद्य ख्रिस्ती समाजातून भय नाहीसे झाले होते, हे गृहीत टिकत नाही. क्विंटस, ल्योनचे माघार घेणारे, डेशियसच्या काळातील 'पतित', पर्पेतुआची टिपणे आणि सिप्रियनचे श्रोते हे सर्व त्याच्या विरुद्ध साक्ष देतात.

३) देह उठविला जाणार, या विश्वासामुळे देहाला मोल आले. म्हणूनच दासीचा, भिकाऱ्याचा व महामारीच्या रोग्याचा देहही काळजीचा विषय बनला. आशेचा सर्वांत टिकाऊ पुरावा रक्तसाक्ष्यांच्या धीराइतकाच सामाईक पेटी, रुग्णशय्या व दफनभूमी यांत आढळतो.

४) मृत्युभयापासून मुक्ती ही व्यक्तीला एकदाच प्राप्त होणारी अवस्था नव्हती. ती समाजाने मिळून शिकलेली, अनेकदा चुकलेली व पुन्हा शिकलेली आचारपद्धती होती. भूमिगत झालेल्या सिप्रियनपासून वधस्थळी उभ्या असलेल्या सिप्रियनपर्यंतचा आठ वर्षांचा प्रवास याचे उत्तम उदाहरण होय.

५) ही आचारपद्धती रोमन समाजातील रूढ प्रथांपासून पूर्णतः अलग नव्हती. अंत्यविधी मंडळे, कौटुंबिक थडगी व शोकाच्या रीती यांच्याशी तिची देवाणघेवाण चालू राहिली.

लानुव्हियमच्या नियमावलीत ज्या गुलामाचे प्रेत मालकाने अडविले, त्याच्या वाट्याला प्रतिमेचा अंत्यविधी येत होता. कार्थेजच्या सामाईक पेटीतून ज्याला पुरले गेले, तो कदाचित त्याच्यासारखाच निर्धन होता. मृत्यू दोघांनाही आला. फरक एवढाच की दुसऱ्याला आपल्यामागे आपल्या देहाचे काय होईल, या विवंचनेत जगावे लागले नाही. ती विवंचना त्याच्या जिवंतपणीच इतरांनी आपल्या अंगावर घेतली होती. मृत्युभयापासून मुक्ती या शब्दांचा इतिहासाला तपासता येण्याजोगा अर्थ हाच आहे.